ट्विला स्पेंडलव्ह आणि तेहतीस पौंड कचरा

एलरी क्विंबीने ट्विला स्पेंडलव्हला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याला ट्विला दिसलीच नाही. दिसली ती एक सॅक. सॉरेल गावाच्या एकुलत्या एक रस्त्यावरून, भर दुपारी, भली थोरली निळी सॅक आपली आपण चालत येत होती. तिला खाली दोन बूट होते, वर एक गवती हॅट होती आणि मधे माणूस असल्याचा कसलाही पुरावा नव्हता. समोरून येणारा ट्रक थांबला. सॅकने सावकाश रस्ता ओलांडला. ट्रकवाल्याने तिला टोपी काढून नमस्कार केला. एलरीला ओहायोहून येऊन गावातलं औषधांचं दुकान चालवायला घेऊन जेमतेम चार दिवस झाले होते. वाळवंटात माणसाला नाही नाही ते दिसतं हे त्याने वाचलं होतं, पण चौथ्याच दिवशी दिसायला लागेल असं वाटलं नव्हतं. त्याने काउंटरमागे उभ्या उभ्या स्वतःची नाडी पाहिली.

तेवढ्यात सॅक दुकानाच्या दारात अडकली, आडवी झाली आणि आत आली.

"कुणी आहे का?" सॅकने विचारलं. आवाज असा, की कपाटातल्या खोकल्याच्या बाटल्या एकमेकींना बिलगल्या.

एलरीने काउंटरवरून वाकून पाहिलं. खाली, खूप खाली, उन्हात वाळवलेल्या जर्दाळूसारखा एक चेहरा होता.

"पायाला लावायची पावडर दे."

"कोणती देऊ?"

"पायाला लावायची म्हटलं ना?"

एलरीने मुकाट्याने डबा दिला. पण जिज्ञासा आवरेना. "सॅकमध्ये काय आहे, बाई?"

"पीठ. चाळीस पौंड."

"कुठे नेताय एवढं?"

"कुठेच नाही. फिरवून आणतेय." ट्विलाने पैसे मोजून ठेवले आणि जाता जाता काउंटरवरच्या बरणीतला एक टूथब्रश उचलून निरखला. "दात तोंडात असतात. मग दांडी एवढी लांब कशाला करतात रे?"

या प्रश्नावर एलरीने रात्रभर विचार केला आणि सकाळी स्वतःच्या टूथब्रशची दांडी कापून टाकली. त्या दिवसापासून तो ट्विलाचा झाला.

ट्विला तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. त्याआधी चौतीस वर्षं ती सॉरेलच्या शाळेत मुलांचं जेवण रांधत होती. गावात आज पन्नाशीच्या आतलं असं एकही माणूस नाही, ज्याने तिच्या हातचं शेंगांचं सूप खाल्लेलं नाही आणि सांडलं म्हणून तिच्या शिव्या खाल्लेल्या नाहीत. शेरीफसुद्धा तिच्यासमोर आला की नकळत हात पुढे करून नखं दाखवतो. नवरा ऑरव्हल गुरं राखायचा. तो गेला, मुलगी जनील लग्न करून शेजारच्या गावी गेली, शाळेने निवृत्तीचा केक दिला, आणि ट्विलाच्या हातात रिकामे दिवस आले. दुसरी एखादी गोधड्या शिवायला बसली असती. ट्विलाने दरी धरली.

दरीचं नाव लॉस्ट मेअर. कुणाची तरी घोडी तिथे हरवली म्हणून हे नाव पडलं, आणि घोडी गेली सव्वाशे वर्षं हरवलेलीच आहे. यावरून दरी कशी असेल ते समजावं. दर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ट्विला पाच जणांना घेऊन त्या दरीत उतरायची आणि पाचव्या दिवशी दुसऱ्या टोकाने पाचही जणांना वर काढायची. फी काही नाही. अटी मात्र मुबलक. मातीवर जी काळी, जिवंत साय असते तिच्यावर पाय पडता कामा नये. पडला तर ती भरून यायला पन्नास वर्षं लागतात, आणि ट्विला ती पन्नास वर्षं तुम्हाला बोलून दाखवणार. रांजणखळग्यातलं पाणी प्या, पण तळ उघडा पाडू नका, पाठीमागून कोल्हा येतोय. दगडावर दगड रचून खुणा करायच्या नाहीत. आणि दरीत नेलेलं सगळं परत आणायचं. सगळं म्हणजे सगळंच. सकाळी झुडपामागे जाऊन आलेल्या माणसाच्या हातात बांधलेली पिशवी असायची आणि चेहऱ्यावर विरक्ती.

रस्ते सपाट करायचं यंत्र चालवून निवृत्त झालेला मर्ल ओडम दरवर्षी यायचा आणि दरवर्षी कॉफी आणायचा. ट्विलाच्या धर्मात कॉफी निषिद्ध. ती एवढंच म्हणायची, "तुझ्या आत्म्याचं तू आणि देव बघून घ्या. चोथा मात्र परत न्यायचा."

या सगळ्यावर कळस म्हणजे वजन. ट्विलाच्या मते माणसाला दमवते ती चढण नव्हे, फाजील वस्तू. कपड्यांची लेबलं काप. नकाशाची कोरी कड काप. एलरीसारख्या माणसाला, जो दिवसभर मिलिग्रॅममध्ये गोळ्या मोजतो, हा धर्म मानवला नसता तरच नवल. तिसऱ्या वर्षी तो स्वतःच्या मोज्यांचं वजन तोंडपाठ सांगायचा, डाव्याचं वेगळं, उजव्याचं वेगळं. पण ट्विलाच्या पाच जणांत त्याचा नंबर काही लागेना.

"तू वजन छान कापतोस," ती म्हणायची, "पण दरीसाठी काही केलंयस का?"

आणि मग तो हिवाळा आला, ज्यात ट्विला स्वतःच्या घराच्या तीन पायऱ्यांवरून घसरली. उभ्या आयुष्यात कड्यावरून न पडलेली बाई दुधाची बाटली उचलताना पडली. हाड मोडलं नाही, पण जनील धावत आली आणि रडली, आणि रडून झाल्यावर तिने टेबलावर एक नारिंगी डबी ठेवली. डबीवर एक बटण. ते दाबलं की आकाशातल्या उपग्रहाला कळतं आणि हेलिकॉप्टर येतं.

"आई, ही बरोबर असेल तरच जायचं. आणि हे बटण एकदा जरी दाबलं गेलं, तर तो शेवटचा ट्रेक. पुन्हा त्या दरीचं नाव काढायचं नाही."

"इतक्या वर्षांत एकाला तरी उचलून आणावं लागलंय का?"

"म्हणून तर तुला अट जड जाणार नाही."

ट्विलाने हात पुढे केला आणि मायलेकींनी हस्तांदोलन केलं. स्पेंडलव्ह घराण्यात कागदावरची सही ही अनोळखी माणसांसाठी असते. हात दिला म्हणजे विषय संपला. गावाला हे दुसऱ्या दिवशी कळलं, आणि मर्लने सांगून टाकलं, "आता दरीत कुणाला हार्टअटॅक आला, तर त्याने तो घरी येईपर्यंत धरून ठेवायचा."

मार्चमध्ये एलरीने दरीसाठी काहीतरी केलं.

तो एकटाच, गुरांच्या जुन्या पायवाटेने दरीत उतरला आणि दिवसभर कचरा वेचून संध्याकाळी वर आला. चर्चच्या हॉलमधल्या फलकावर त्याचा फोटो लागला. पाठीवर फुगलेली काळी पिशवी, तोंडावर मावळत्या सूर्याचं तेज, खाली अक्षरं, 'लॉस्ट मेअरमधून तेहतीस पौंड कचरा बाहेर!' लोकांनी टाळ्या वाजवल्या. ट्विला फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली.

"तेहतीस पौंड? एकट्याने? त्या वाटेने वर?"

"हो."

"एप्रिलला तू येतोयस."

एलरीला त्या रात्री झोप लागली नाही.

निघायच्या आदल्या आठवड्यात हॉलमध्ये सगळ्यांच्या सॅकची झडती झाली. एलरीने दुकानातला काटा आणला होता. मर्लची जाडजूड कादंबरी वाचून झालेल्या पानांपुरती फाडण्यात आली. इस्पितळातली नर्स लूपे आर्चुलेटा हिच्या औषधांच्या पेटीतून कात्री काढली, कारण चाकू होता. नवीन लग्न झालेलं एक जोडपं होतं, त्यांना दोघांत मिळून एकच ताटली ठेवायला सांगितली, आणि त्यांची काहीच हरकत नव्हती. मग ट्विलाची सॅक काट्यावर चढली आणि एलरीला आत एक स्टीलचं ओगराळं सापडलं. शाळेच्या स्वयंपाकघरातलं, लांब दांड्याचं.

"दोनशे सात ग्रॅम," तो हळहळून म्हणाला. "निदान दांडी तरी कापू या का?"

"तुझी मान कापू या का? चौतीस वर्षांचं आहे ते."

"बरं, राहू द्या." एलरीने ती नारिंगी डबी काट्यावर ठेवली. "ही एकशे वीस."

बटणावर प्लास्टिकचं एक छोटं झाकण होतं. ट्विलाने नखाने ते उघडून पाहिलं. "हे कशाला?"

"चुकून दाबलं जाऊ नये म्हणून."

"जे मी मुद्दाम दाबणार नाही, ते चुकून कशी दाबेन?" तिने लूपेची कात्री मागून घेतली. "किती झाली आता?"

"एकशे नऊ," एलरी कौतुकाने म्हणाला.

पहिले दोन दिवस दृष्ट लागावी असे गेले. ट्विला पुढे आणि मागे पाच जण, एकाच्या पावलात दुसऱ्याचं पाऊल. दोन्ही बाजूंनी लाल कातळ असे जवळ आले होते, की मर्लला श्वास आत घेऊन चालावं लागे. वर आकाशाची निळी फीत, खाली गार वाळू. ट्विला चालायची म्हणजे घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यासारखी. कुठल्या कपारीत घुबड आहे, कुठल्या कातळावर जुन्या लोकांनी हाताचे पंजे उमटवलेत, हे ती मान न वळवता सांगायची. पण खळगे कोरडे होते. हिवाळ्यात बर्फ पडलंच नव्हतं. एकामागून एक खळगा वाकून पाहावा, तर तळाशी भेगाळलेला चिखल आणि एखादा निराश बेडूक.

"काळजी नको," तिसऱ्या दिवशी सकाळी ट्विला म्हणाली. "तिसऱ्या मुक्कामावर पाणी आहे. फेब्रुवारीत मी स्वतः ठेवलंय. चार कॅन. दोन खेपा केल्या."

एलरी मागून दुसरा चालत होता. "कुठे ठेवलंय?" त्याने सहज विचारलं.

"मोठ्या वळणावर. कपारीत, दगडांमागे."

यानंतर एलरी क्विंबी तीन तास काही बोलला नाही. आदल्या दिवशी याच माणसाने बुटांच्या नाड्यांवर सव्वा तास भाषण केलं होतं, त्यामुळे सर्वांना वाटलं दमला असेल.

दुपारी दोनला ते मोठ्या वळणावर पोचले. प्रत्येकाकडे बाटलीच्या तळाशी हलवून ऐकण्यापुरतं पाणी उरलं होतं. ट्विलाने गुडघे टेकून कपारीतले दगड एकेक करून बाजूला ठेवले. मागे सपाट, स्वच्छ वाळू होती. झाडून काढल्यासारखी.

"चोरलं!" मर्ल ओरडला. "वाळवंटात पाणी चोरलं! त्याच्या घशात निवडुंग उगवो!"

"अशा माणसाला मी सलाइन लावणार नाही," लूपे म्हणाली. "मेला तरी नाही."

"कोण असेल एवढा नीच?" नवी नवरी म्हणाली. ती त्या दोन दिवसांत नवऱ्याखेरीज इतरांशी पहिल्यांदाच बोलत होती.

"मी," एलरी म्हणाला.

दरीत एक डोमकावळा ओरडला आणि त्याचा प्रतिध्वनी सावकाश परत आला.

"तू काय?" मर्लने विचारलं.

"मी नेलं. कचरा समजून. ती काळी पिशवी... तिच्यात तेच होतं."

ट्विला अजून गुडघ्यांवरच होती. तिने मान वळवली. "भरलेले नेलेस?"

"हो."

"चारही?"

"हो."

"इथेच ओतून रिकामे का नाही केलेस?"

"पाण्यात क्लोरीनचा वास होता. बेडकांच्या पिल्लांना बाधला असता."

मर्ल एका दगडावर बसला. "टूथब्रशची दांडी कापणारा माणूस," तो आकाशाला सांगू लागला, "तेहतीस पौंड पाणी वाळवंटातून बाहेर घेऊन गेला. आत नाही. बाहेर! आणि आपण टाळ्या वाजवल्या! आणि त्या पाण्याचं केलंस काय, डॉक्टर?"

एलरी पुटपुटला, "टोमॅटोंना घातलं."

"बरे आहेत ना टोमॅटो?"

"पण कॅनवर नाव नव्हतं हो!" एलरी काकुळतीने म्हणाला. "नाव आणि तारीख लिहायची असा तुमचाच नियम आहे!"

"लिहिलं होतं," ट्विला म्हणाली.

"कुठे?"

"बुडाला. वर लिहिलं की डोळ्यांना खुपतं. दरीत माणसाचं नाव कशाला दिसायला हवं?"

मर्लने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "एक लपवणारी, एक झाडणारा. तुमचं लग्नच लावून द्यायला हवं. पण आधी ते बटण दाब, ट्विला. पुढचं पाणी चौदा मैलांवर आहे. गुरांच्या वाटेने वर गेलो तर तिथे नुसता धुळीचा रस्ता, गाडी आठवड्यातून एक."

सगळे ट्विलाकडे पाहू लागले. बटण म्हणजे काय, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. एलरीला वाटलं, आपण कचरा म्हणून या बाईची दरीच उचलून नेली.

ट्विलाने डबी काढून सर्वांना दिसेल अशी दगडावर ठेवली. "उद्या सकाळी नऊला पाणी नसेल तर मी स्वतः दाबते. माझ्या हट्टापायी कुणाची जीभ सुकायची नाही. तोपर्यंत सावलीत बसा आणि तोंडं मिटा. बोलल्याने घसा वाळतो. मर्ल, हे तुला आहे."

आणि ती वळणाच्या आतल्या अंगाला जाऊन वाळूत बसून राहिली. पाच मिनिटं झाली, वीस झाली, तास झाला. बाई नुसती बसलेली.

"ट्विलाबाई, करताय काय?" लूपेने हळूच विचारलं.

"माश्या बघतेय. स्वयंपाकघरात नळ कुठे गळतो ते माशीला आधी कळतं."

पहिला खड्डा तिने दाखवला तिथे एलरीने कोपरापर्यंत खणला. कोरडा. दुसरा कड्याच्या पायथ्याशी, कोरडा. तिसऱ्या जागी पाण्याकाठी वाढणाऱ्या कॉटनवूडचं एक खुरटं झाड होतं, पण त्याची पानं हिरवीगार होती. ट्विलाने ओगराळं एलरीच्या हातात दिलं. लांब दांडा, खोल वाटी. एलरी ढोपरं टेकून उपसत राहिला. हात खांद्यापर्यंत आत गेला, तशी वाळू गडद झाली. आणखी दोन वीत खाली ती थंड लागली. मग खड्ड्याच्या तळाशी, चोरपावलांनी, पाणी आलं. चमचाभर.

"झिरा लागला!" एलरी ओरडला आणि रडू लागला.

"रडू नकोस," ट्विला म्हणाली. "पाणी वाया जातं."

चार मिनिटांना एक ओगराळं पाणी जमायचं. ट्विलाने ते मर्लच्या रुमालातून गाळलं, एलरीने दुकानातून आणलेल्या गोळ्या टाकल्या, आणि संधिप्रकाशात ती चौतीस वर्षांच्या सवयीने ओगराळं हातात धरून उभी राहिली. "रांगेत या. धक्काबुक्की नाही. एलरी, तू पुढे."

"मी शेवटी घेतो. माझ्यामुळेच—"

"शाळेत दंगेखोराला मी नेहमी रांगेत पहिला उभा करायचे. माझ्या डोळ्यांसमोर असतो. भांडं पुढे कर."

त्या पाण्याला गंजाची, औषधाची आणि जरा मर्लच्या मोज्याची चव होती. कारण रुमाल ज्या खिशात होता तिथेच मोजे होते. एलरीने त्याआधी किंवा त्यानंतर इतकं चांगलं काही प्यायलं नाही. सकाळी नऊला सगळ्यांच्या बाटल्या भरलेल्या होत्या. ट्विलाने खड्डा हातांनी बुजवला, वाळू सारखी केली, आणि डबी उचलून परत सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवली.

"पुढच्या वर्षी कॅन ठेवायचे की नाही?" वाटेत तिने विचारलं.

एलरी जागीच थांबला. "मी येतोय पुढच्या वर्षी?"

"खणतोस चांगला. फक्त काही उचलू नकोस."

पाचव्या दिवशी दुपारी सहाही जण दरीच्या दुसऱ्या टोकाला वर आले. गाड्यांच्या तळावर जनील थंडगार कलिंगड घेऊन उभी होती. आई धडधाकट, सगळे धडधाकट. मर्लने झिऱ्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली तेव्हा खड्डा पाच फूट खोल होता, संपवली तेव्हा अकरा. जनील हसत हसत ऐकत होती आणि एलरीने तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट पाहिलं, की पुढच्या वर्षीची परवानगी मिळाली आहे.

"बटणाला हात लावला नाही," ट्विलाने तिला सांगितलं. मग बूट काढायला ती आपल्या सॅकवर बसली. नाड्यांच्या गाठी वाळूने घट्ट झाल्या होत्या. कलिंगडाच्या दोन फोडी खाऊन होईपर्यंत ती बसून राहिली.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी हेलिकॉप्टर आलं. कलिंगडाच्या साली उडाल्या, नव्या नवरीची हॅट दरीत गेली. आतून एक तरुण उतरला आणि धावत आला. "कुणाला काय झालंय?"

कुणालाच काही झालं नव्हतं. ट्विला सॅकवरून उठली. तिने वरचा कप्पा उघडला, डबीवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहिला आणि एलरीकडे पाहिलं. एलरीने जमिनीकडे पाहिलं. ते झाकण अकरा ग्रॅमचं होतं.

ट्विलाने हात पुढे केला आणि मायलेकींनी पुन्हा एकदा हस्तांदोलन केलं.

ट्विला त्यानंतर दरीत गेली नाही. पुढच्या एप्रिलला ग्रुप न्यायचं एलरीने ठरवलं होतं. तीन जणांनी नावं दिली, त्यातल्या दोघांनी काढून घेतली, आणि ट्रेक झाला नाही.